वारा नसलेल्या देशाचे पाच भाग

एप्रिलच्या शेवटी ताईचा मनमाडहून फोन आला, तेव्हा मी पिंपळगावला ऑफिसात होते. द्राक्षांचा हंगाम संपला होता, कोल्ड स्टोरेजच्या आवारात एकही टेम्पो उभा नव्हता आणि मी वर्षभर रखडलेल्या फायली लावत बसले होते. ताई ऑफिसच्या वेळेत कधी फोन करत नाही. मी घाबरतच उचलला.

"दुसरा आणि चौथा तुझ्याकडेच आहेत ना?" ना हॅलो, ना कशी आहेस.

"कोण दुसरा आणि चौथा?"

"अगं, पुस्तकं! वाऱ्याची!"

मी खुर्चीत सरळ झाले. भावोजी रेल्वेतून निवृत्त झाल्यामुळे त्यांचं क्वार्टर सोडून मनमाडमध्येच दुसऱ्या घरी जाणं चालू होतं. सामान बांधताना ट्रंकेच्या तळाशी, लग्नातल्या शालूखाली, ताईला पहिला, तिसरा आणि पाचवा भाग सापडला होता. सामानाच्या ढिगाऱ्यात बसून तिने पहिल्या भागाची चाळीस पानं वाचून काढली होती आणि भावोजी टेम्पोवाल्याला थोपवून धरत होते.

"आहेत," मी म्हटलं. "लोखंडी कपाटात, वरच्या खणात."

"मग मी येते."

आम्ही दोघी मनमाडच्या रेल्वे कॉलनीत वाढलो. वडील गुड्स शेडला होते, आधी हमाल आणि मग मुकादम. मी अकरा वर्षांची आणि ताई तेरा वर्षांची असताना त्यांनी दिवाळीला प्लॅटफॉर्मवरच्या बुकस्टॉलवरून एक पुस्तक आणलं. पातळ, खरखरीत कागदाचं, मुखपृष्ठावर एक मुलगी आणि तिच्या हातात न उडणारा पतंग. गोष्ट अशा देशाची होती, जिथे वाराच नव्हता. एका मांत्रिकाने तो सात दारांआड कोंडून ठेवला होता. त्या देशात खळ्यावर धान्य उपणायचं तर शंभर माणसं सुपं हलवत उभी राहत. नद्यांवर शिडाची होडी नव्हती. पतंग करणाऱ्या एका म्हाताऱ्याच्या घरात भिंतीभर पतंग टांगलेले, आणि ते कशासाठी असतात हे त्याच्या नातीला माहीत नव्हतं. ज्या दिवशी तिला ते कळतं, त्या दिवशी ती सात दारं उघडायला निघते.

आमच्याकडे संक्रांतीला येवल्याची पतंगांची हौस पार मनमाडपर्यंत पोचायची. वारा नसलेला देश म्हणजे काय, ते आम्हाला कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

दर दिवाळीला एक भाग यायचा आणि एक दार उघडायचं. पाच दिवाळ्यांत पाच भाग झाले. पाचव्याच्या शेवटच्या पानावर ती मुलगी सहाव्या दारापाशी पोचते, कडीला हात घालते, आणि आतून कुणीतरी तिला तिच्या लाडक्या नावाने हाक मारतं. ते नाव तिच्या घराबाहेर कुणालाच ठाऊक नसतं. तिथेच भाग संपतो. खाली छापलं होतं, 'सहावा भाग लवकरच.'

पुढच्या दिवाळीला स्टॉलवाल्याने मान हलवली. त्याच्या पुढच्या दिवाळीला आम्हाला लांबून पाहूनच हलवली. ताईने प्रकाशकाला पत्र लिहिलं, खाली मीही सही केली. उत्तर आलं नाही. मग माझी बारावी, तिचं कॉलेज, आणि बाविसाव्या वर्षी तिचं लग्न ठरलं. पाच पुस्तकं कुणाची यावरून हळदीच्या आदल्या दिवशी आम्ही इतक्या भांडलो, की आईने पिठाच्या हातांनीच निवाडा केला. "एकाआड एक. मोठीपासून सुरू." म्हणून ताईकडे पहिला, तिसरा, पाचवा आणि माझ्याकडे दुसरा, चौथा. माझ्याकडे ना सुरुवात होती ना शेवट. मी रडत म्हटलं तसं, तर ताई म्हणाली, "शेवट कुणाकडेच नाहीये, रडतेस काय!"

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात ती सकाळच्या गाडीने माझ्या घरी, नाशिकला आली. भावोजी कळवणला, त्यांच्या भाच्याच्या लग्नाला गेले होते. मी आठ दिवसांची रजा काढली होती. बारा वर्षांत मी लग्नकार्य आणि आजारपण सोडून कधी रजा घेतली नव्हती. साहेबांनी कारण विचारलं, तर मी "घरगुती" असं लिहून दिलं. पुस्तक वाचायला रजा हवी, हे कुठल्या तोंडाने सांगणार?

ताईने तीन पुस्तकं उशीच्या अभ्र्यात गुंडाळून आणली होती. तिचे नियम लहानपणीचेच होते. पान दुमडायचं नाही. ओला हात लावायचा नाही. पुस्तकाजवळ चहाचा कप ठेवायचा नाही. आम्ही हॉलमध्ये कूलरसमोर सतरंजी टाकली आणि आळीपाळीने मोठ्याने वाचायला लागलो. माझे यजमान त्यांच्या खुर्चीत वर्तमानपत्र उघडून बसले. "तुमचं चालू द्या," म्हणाले, "मला काही त्रास नाही."

पहिल्या तासात आम्ही इतक्या हसलो की शेजारीण विचारायला आली. कारण राजपुत्र. पहिल्या भागातच एक राजपुत्र त्या मुलीला येऊन मिळतो. तेराव्या वर्षी ताई त्याच्यावर इतकी भाळली होती, की तिने त्याचं चित्र वहीच्या कव्हरमध्ये लपवलं होतं. आता कळलं, हा माणूस दर पानावर 'खदखदून' हसतो. नदी ओलांडली, खदखदून हसला. तलवार मोडली, खदखदून हसला. काहीच घडलं नाही, तरी हसला.

"याच्याशी संसार कसा केला असता मी?" ताई डोळे पुसत म्हणाली. "दळण आणायला पाठवलं असतं, तर दळण सांडून हसत आला असता."

पण सगळंच हसण्यासारखं नव्हतं. दुसऱ्या भागात डोंगर चढायचा प्रसंग आहे. राजपुत्राचं सामान वाहायला माणसं येतात. सगळी काळी, सगळी दांडगी, आणि एकालाही नाव नाही. ताई वाचता वाचता थांबली.

"आपले बाबा कोण होते गं?"

तिने त्या ओळीवर बोट ठेवलं.

"त्यांनी हे पुस्तक आपल्याला द्यायच्या आधी स्वतः वाचलेलं असायचं. ड्यूटीवर डबा खाताना वाचायचे. हे पान त्यांनी वाचलं असणार."

लहानपणी आम्ही त्या पानावरून नुसत्या पळत गेलो होतो, डोंगरावर काय आहे ते बघायला. वडील जाऊन चौदा वर्षं झाली. त्यांना त्या पानाचं काय वाटलं होतं, ते विचारायचं राहून गेलं. ताई एक घोट पाणी प्यायली आणि पुढे वाचायला लागली, पण जरा हळू.

मला धक्का बसला तो पहिल्या भागातल्या आईच्या प्रसंगाने. मुलगी घर सोडून निघते तेव्हा तिची आई दारात येत नाही. चुलीपाशीच बसून राहते. लहानपणी आम्ही त्या बाईला दगड म्हणायचो. ताईने तिला एक शिवीसुद्धा दिली होती, पेन्सिलने, समासात. मग आईने बघू नये म्हणून खोडली होती. आता मी तो भाग वाचत होते आणि एक वाक्य आलं, जे मी आधी वाचल्याचं आठवतच नव्हतं. 'आईने टोपलं पुढे सरकवलं. त्यात एकवीस भाकऱ्या होत्या, आणि तळच्या भाकऱ्या गार झाल्या होत्या.'

एकवीस भाकऱ्या काही मुलीने निघते म्हटल्यावर होत नाहीत. त्या बाईला पहाटेच कळलं होतं. मुलगी अजून सांगायचं धाडस करत होती, तेव्हा ती थापायलासुद्धा बसली होती.

माझी मुलगी दोन वर्षांपूर्वी नोकरीला पुण्याला गेली, तेव्हा गाडी खाली येऊन उभी राहिली आणि मी स्वयंपाकघरात चटणीची बरणी पुसत होते. एकदा पुसली, परत पुसली. यजमान खाली सोडायला गेले. मी नाही गेले. ताईला हे मी कधी सांगितलं नव्हतं. तेव्हा सांगितलं. तिने माझ्या हातातून पुस्तक घेतलं आणि पुढचं पान तिने वाचलं.

चौथ्या भागाला यजमानांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं.

"एक मिनिट. हा घोडा दुसऱ्या भागात मेला ना?"

आम्ही एकमेकींकडे बघितलं. दुसऱ्या भागात घोडा दरीत पडून मेला होता, त्यावर आम्ही लहानपणी आणि परवासुद्धा रडलो होतो. चौथ्या भागात तोच घोडा, तेच नाव, आरामात गवत खात होता.

"दुसरा असेल," ताई म्हणाली.

"कपाळावर तोच चांद आहे. मी नीट ऐकतोय." त्या दिवसापासून ते खुर्ची सोडून सतरंजीवर आले.

सहाव्या दिवशी दुपारी पाचवा भाग संपला. कडीला हात, आतून हाक, खाली 'लवकरच'. मला वाटलं होतं, या वयात त्या दारापाशी थांबायला काही वाटणार नाही. जगात किती गोष्टी अर्ध्या राहतात, ते आता ठाऊक झालंय. पण तसं काही नाही. मला जाम राग आला. ताईला तर इतका आला, की ती उठून भांडी घासायला लागली.

"जिवंत आहे का हा माणूस?" ती सिंकवरून ओरडली.

पाचव्या भागाच्या मागच्या पानावर लेखकाची चार ओळींची माहिती होती. पाटबंधारे खात्यात नोकरी, वास्तव्य नाशिक. मी नाशिकला लग्न होऊन आले त्याला अठ्ठावीस वर्षं झाली, आणि ती ओळ माझ्याकडे नव्हती, कारण पाचवा भाग ताईच्या ट्रंकेत होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी आमच्या भागातल्या वाचनालयात गेलो. तिथले ग्रंथपाल जुने आहेत. मी लेखकाचं नाव सांगितलं आणि विचारलं, यांच्याबद्दल काही माहिती मिळेल का. ते चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिले.

"माहिती काय मिळायची? ते रोज सकाळी येतात. तुम्ही शनिवारी पुस्तक बदलायला येता तेव्हा त्या खिडकीच्या टेबलावर बसलेले असतात. तुम्ही एकदा त्यांच्याकडून शब्दकोड्याचं पान मागून घेतलं होतं."

ताई माझ्याकडे ज्या नजरेने बघत होती, ती मी विसरणार नाही.

ग्रंथपालांनी आधी त्यांना फोन करून विचारलं आणि मग पत्ता दिला. गंगापूर रोडच्या आतल्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर. आम्ही संध्याकाळी पाचला गेलो. दार त्यांच्या सुनेने उघडलं, चाळिशीची, हसऱ्या चेहऱ्याची. आम्ही लेखकाचं नाव घेऊन म्हटलं, त्यांच्या पुस्तकांबद्दल बोलायला आलोय.

"बाबांची पुस्तकं?" ती म्हणाली. "बाबांनी पुस्तकं लिहिलीयत?" लग्नाला अठरा वर्षं झाली होती तिच्या. सासरे कालव्यांची मोजमापं करायचे, एवढंच तिला ठाऊक होतं.

ते आतून आले. चौऱ्याऐंशीचे, किडकिडीत, पांढरा सदरा, कानात यंत्र. बसले. मी मनाशी दोन वाक्यं जुळवून ठेवली होती, तुमच्या पुस्तकांनी आमचं बालपण वगैरे. पण पाणी येण्याच्या आतच ताईने विचारलं, "काका, त्या दाराआड कोण होतं?"

"कुठल्या दाराआड?"

"सहाव्या."

ते विचारात पडले. "सहा दारं होती का?"

"सात!" आम्ही दोघी एकदम म्हणालो.

त्यांना काही म्हणजे काहीच आठवत नव्हतं. एक मुलगी होती, पतंग होते, इतकंच. त्यांच्याकडच्या प्रती एका पावसाळ्यात वाळवीने खाल्ल्या होत्या, आणि त्यांनी परत कधी बघितलंही नव्हतं. ते अवघडून हसले, आणि मग म्हणाले, "तुम्ही सांगा ना. गोष्ट काय होती?"

मग आम्ही सांगितली. लेखकाला त्याचीच गोष्ट. दीड तास लागला, कारण आम्ही दोघी एकमेकींना दुरुस्त करत होतो. सून पोळ्यांची कणीक तशीच ठेवून दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. काका कानामागे हात धरून ऐकत होते आणि मध्येच विचारत होते, "मग पुढे?" तिसरं दार पाण्याखाली आहे हे सांगितलं, तर म्हणाले, "वा! हे मला सुचलं होतं?" घोड्याचं सांगितलं, तर कपाळावर हात मारून घेतला. "मेला होता? अरेरे. मग जिवंत कसा काय केला मी? आणि कुणी काही बोललं नाही?"

"आमच्या ह्यांनी पकडलं," मी म्हटलं.

हमालांचंही ताईने सांगितलं. सरळ सांगितलं, आणि आमचे वडील काय करायचे तेही. "चुकलं," ते म्हणाले. "मी रोज मजुरांच्या हजेऱ्या घ्यायचो हो. नावं पाठ होती मला त्यांची. आणि लिहायला बसलो की राजवाडेच दिसायचे." ताईला एवढं पुरेसं होतं, हे मला तिच्या खांद्यांवरून कळलं.

मग मी भाकऱ्यांचं वाक्य सांगितलं, की ते सगळ्या पाच भागांत मला सगळ्यात मोठं वाटतं. ते गोंधळले. "एकवीस भाकऱ्या?" म्हणाले. "मी?"

वारा नसलेला देश सुचला कसा, हे मात्र त्यांना पक्कं आठवत होतं. धरणाच्या कॉलनीत राहत होते. मे महिना होता, लाइट गेली होती, पंखा बंद, झाडाचं पान हलत नव्हतं. बायको म्हणाली, वारा कुणी चोरला की काय. झालं.

निघताना त्यांनी विचारलं, "मला वाचायला मिळतील का?" ताईने पिशवी छातीशी धरली. पुस्तकं द्यायची हा तिचा स्वभावच नाही. शेवटी तोड निघाली. एका वेळी एक भाग. तो संपला की मी जाऊन पुढचा द्यायचा आणि आधीचा ताब्यात घ्यायचा. "आणि काका," ताईने जिन्यावरून सांगितलं, "पान दुमडायचं नाही."

"नाही, नाही," ते शाळेतल्या मुलासारखे म्हणाले.

ताई मनमाडला परत गेली, मी ऑफिसला जायला लागले. पाचव्या दिवशी त्यांचा फोन आला.

"ती भाकऱ्यांची ओळ माझी नव्हे."

"म्हणजे?"

"हिची आहे. माझ्या मिसेसची."

मग त्यांनी सांगितलं. त्यांचं अक्षर इतकं वाईट, की छापखान्यात कुणाला लागायचं नाही. म्हणून त्यांच्या पत्नी सगळं मुद्रणासाठी स्वच्छ अक्षरात उतरवून काढायच्या, दुपारची कामं आटोपल्यावर. उतरवता उतरवता मध्ये एखादी ओळ आपली घालायच्या. विचारायच्या नाहीत. छापून आल्यावर यांना कळायचं, आणि हे चिडायचे. "मी लिहिलं होतं, आई चुलीपाशी बसून राहिली, पुढचा प्रसंग. भाकऱ्या तिने घातल्या. मी तेव्हा म्हटलंसुद्धा, एवढ्या शौर्याच्या गोष्टीत भाकऱ्या कशाला!"

पत्नीला जाऊन अकरा वर्षं झाली होती. त्यांच्या आवाजात त्याचं दुःख नव्हतं, निदान त्या दिवशी नव्हतं. उलट शोध लागल्यासारखा आवाज होता. "आणखी असतील," ते म्हणाले. "मला ओळखता येतात. मी असं लिहीतच नाही. खुणा करू का? पेन्सिलने?"

मी ताईला फोन लावला. तिने आधी पेन्सिल कुठली आहे ते विचारलं.

"हलक्या हाताने म्हणावं," ती शेवटी म्हणाली.

जून महिनाभर हे चाललं. मी रविवारी सकाळी पुस्तक बदलायला जायची, आणि ते दारातच सुरू करायचे. तिसऱ्या भागात नावाडीण मुलीला म्हणते, 'वल्ही मारताना किनाऱ्याकडे बघू नकोस, माझ्याकडे बघ.' ती ओळ पत्नीची. चौथ्या भागातला घोडासुद्धा पत्नीचाच निघाला. त्यांना घोडा मेलेला सहन झाला नव्हता, म्हणून त्यांनी तो गुपचूप जिवंत केला होता. हे मी घरी सांगितलं तर यजमान म्हणाले, "मग बरोबर आहे. मी तक्रार मागे घेतो." एकदा काकांनी मला एक पान दाखवलं, त्यात राजपुत्र 'खदखदून हसला' याच्या पुढे 'आणि मग एकटाच गप्प झाला' असं होतं. आम्ही ते तीनदा वाचलं होतं आणि आमच्या लक्षात आलं नव्हतं. त्याखाली बारीक रेघ होती.

सून आता त्यांच्यानंतर लगेच वाचायची. पोळ्या करताना पुस्तक मिक्सरला टेकवून ठेवायची. हे मी ताईला सांगितलं नाही.

जुलैतल्या एका रविवारी त्यांनी तिघांनाही बोलावलं. पाचवा भाग संपला होता. ताई मनमाडहून आली, यजमान इस्त्रीचा शर्ट घालून आले. काका आमची वाटच बघत होते. पुस्तक मांडीवर होतं. आम्ही बसायच्या आतच ते हसायला लागले, आणि हसता हसता ठसका लागला, सुनेने पाणी आणून दिलं.

"आठवलं," ते म्हणाले. "सगळं आठवलं. मी लिहिलं होतं, तिने कडीला हात घातला आणि दार उघडलं. बस. आत मांत्रिकाचा पहारेकरी उभा असणार होता, मोठी लढाई होणार होती, सगळं ठरलं होतं माझं. पुस्तक छापून आलं तर दार उघडलेलंच नाही! ही हाक! हिने माझं वाक्य काढून टाकलं आणि हाक घातली!"

ताईचं तोंड उघडं राहिलं. "मग तुम्ही विचारलं नाही त्यांना, आत कोण आहे?"

"विचारलं ना! रोज विचारलं. म्हणाली, लेखक तुम्ही आहात, तुम्ही शोधा." त्यांनी डोळे पुसले. "मी दोन वर्षं शोधलं. काही लिहिलं की ती वाचायची आणि मान हलवायची. नाही म्हणायची, हे नाही. मग माझी बदली पेठला झाली, ती तिथल्या शाळेत शिकवायला लागली, प्रकाशकाने धंदा बंद केला. पत्रंबित्रं काही माझ्यापर्यंत आली नाहीत. आणि खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं झालं."

"म्हणजे काकूंनी तुम्हाला अडकवलं," मी म्हटलं.

"चाळीस वर्षं!" ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा इतका उजळला होता, की आम्ही सगळेच हसायला लागलो.

"त्यांना तरी ठाऊक होतं का?" यजमानांनी विचारलं.

काकांनी मांडीवरचं पुस्तक उचललं. "मला वाटायचं, नसावं. उगाच मला छळायला. आता परत वाचल्यावर वाटतं, ठाऊक होतं. कारण त्या हाकेच्या आधी तिने आणखी एक बारीक काम केलंय." त्यांनी पान काढून ताईकडे दिलं. दारापाशी पोचण्याच्या जरा आधी, मुलगी थकून एका दगडावर बसते आणि टोपल्यात हात घालते, असं होतं. त्याखाली पेन्सिलची रेघ होती. 'शेवटची भाकरी अजून मऊ होती.'

ताईने ते मोठ्याने वाचलं. मग परत वाचलं. "पाच भाग झाले," ती म्हणाली, "किती ऋतू गेले. मऊ कशी राहील?"

मला वाटलं, आत आई आहे. मी ते बोलले. ताई म्हणाली, छे, आजोबा, पतंग करणारे, नाहीतर लाडकं नाव ठेवलं कुणी? सून स्वयंपाकघरातून म्हणाली, ती स्वतःच असेल, म्हातारी झालेली. यजमानांचं म्हणणं घोडा. आम्ही त्यांना म्हटलं, घोडा हाक कशी मारेल, तर ते म्हणाले, "ज्या बाईने मेलेला घोडा जिवंत केला, तिला हे अवघड आहे का?" काका प्रत्येकाचं ऐकून मान हलवत होते, आणि एकदा म्हणाले, "हिने पण अशीच मान हलवली असती."

बारा वाजले, मग एक वाजला. सुनेने शेवभाजी केली होती, झणझणीत, आणि बाजरीच्या भाकऱ्या. ताईची दीडची गाडी गेली. तिने भावोजींना फोन करून सांगितलं, मी आज येत नाही, कुकर लावून खा.

जेवताना मी विचारलं, "काका, तुम्ही सहावा भाग लिहाल का?"

"नाही," ते म्हणाले, अगदी सहज. "अक्षर कोण लावणार?" मग सुनेकडे बघून म्हणाले, "पण मी हिला एक सांगतोय, ही मोबाइलवर घेतेय. पेठची शाळा. आम्ही दोघं तिथे गेलो त्या वर्षाचं. तिथली पोरं माझ्या मिसेसला काय काय म्हणायची, ते."

"किती झालं?" ताईने विचारलं.

"चार पानं," सून म्हणाली. "आणि मी मध्ये काही घालत नाहीये हं, बाबा."

"घाल की," ते म्हणाले, आणि ताटात आणखी भाजी मागितली.